वाचून पाहिले, कबूल आहे

भाऊसाहेबांची फटफटी वस्तीच्या तोंडाशी आली तेव्हा मी दारात पाट्याला टाकी लावत बसले होते. ग्रामसेवकाला आमच्याकडं भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी एक पाय जमिनीला टेकवला, फटफटी तशीच धडधडत ठेवली आणि रजिस्टर पुढं केलं.

"यल्लूमावशी, सही."

"खाली तर उतरा. पाणी घ्या."

"नको, आत्ताच तात्यांकडं चहा झाला."

आमच्या वडार वस्तीवर येणाऱ्या माणसाचा चहा नेहमी आत्ताच कुठंतरी झालेला असायचा. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हेच ऐकत होते. मी टाकी खाली ठेवली, हाताची दगडपूड लुगड्याला पुसली आणि पेन घेतलं.

माझं नाव साधं नाही. यल्लव्वा तिमाप्पा धोत्रे. त्यात चार जोडाक्षरं. गावातल्या पाटलीणबाई निळ्या शाईत अंगठा बुडवायच्या आणि मी रेघेवर नाव काढायची. खाली मास्तर ओढतात तसा एक फराटाही ओढायची. सही झाली की मान जरा मागं घेऊन बघायची.

दुर्गी, माझी सून, घागर घेऊन बाहेर पडत होती. ती थांबली.

"आत्या, काय लिहिलंय बघू द्या की."

"तू घागरीचं बघ. आणि ती इकडं दे, मी जाते खाणीत."

"नुसतं बघते..."

"दुर्गे," मी म्हणाले, "समितीवर कोण आहे? तू का मी?"

भाऊसाहेब हसले. रजिस्टर मिटलं, फटफटी वळली. धूळ आमच्या दोघींच्या तोंडावर बसली.

तो चैत्र होता. गावात सरकारची पाण्याची योजना आली होती. पाण्याची टाकी बांधून तयार होती. चार नळकोंडाळी बसायची होती. एक वेशीत, एक शाळेपाशी, एक बौद्धवाड्यात आणि चौथं आमच्या वस्तीत. योजना चालवायला समिती हवी, समितीच्या अकरा जणांत सहा बायका हव्यात, शिवाय मागासलेल्या वस्तीतलं एक माणूस हवं, असा नियम होता. समितीचे अध्यक्ष दौलततात्या. त्यांनी मला घेतलं. बाईची एक जागा आणि वडाराची एक, अशा दोन जागा त्यांनी एकाच लुगड्यात भरल्या. मला वाटलं, माझा मान दुप्पट झाला.

आमचं पाणी म्हणजे जुनी दगडाची खाण. आमच्याच सासऱ्या-आजेसासऱ्यांनी फोडलेली. पावसाचं पाणी तळाला साचायचं, चैत्रात ते हिरवं व्हायचं. उतरायला पायऱ्या नव्हत्या, फोडलेल्या दगडाचे टप्पे होते. आदल्या वर्षी दुर्गी भरली घागर घेऊन तिथं घसरली. सहावा महिना होता. पोटातलं गेलं. त्यावर आमच्या घरात कुणी बोललं नाही. यंदा तिला पुन्हा पाचवा लागला होता. मी ठरवलं होतं, ही पोरगी आता खाणीत उतरणार नाही. मी उतरेन, आणि पाऊस लागायच्या आत नळ येईल. पावसात ते टप्पे शेवाळतात, आणि माझ्या गुडघ्यांचा मला भरवसा नव्हता.

आता एक गोष्ट सांगून टाकते. मला वाचता येत नव्हतं.

साक्षरतेचा वर्ग आला होता तेव्हा तीन महिने मी पाटी घेऊन गेले. नाव काढायला शिकले आणि मास्तरांची बदली झाली. वस्तीला मात्र वाटायचं, यल्लव्वा शिकली. मी वाटू दिलं. कुणाचं पत्र आलं की माझ्याकडं यायचं. मी म्हणायची, "ठेव, सवडीनं बघते." दुर्गी माहेरी सातवी झालेली. ती आत चुलीपाशी हळू आवाजात वाचायची आणि मी बाहेर येऊन खणखणीत सांगायची. तिचा आवाज घरात, माझा दारात. हे फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं. माझ्या पोटच्या नागाप्पालासुद्धा नव्हतं.

पाइपाचा चर खोदायचं काम आमच्याच माणसांना मिळालं. मिस्त्री संध्याकाळी चुन्याची फक्की मारून जायचा आणि सकाळी आम्ही त्या पांढऱ्या रेघेवर खोदायचं. नवरा-बायकोची जोडी, जोडीला ठरलेलं माप. वडाराला रेघ दाखवली की तो विचारत नाही, खोदतो. मारुतीच्या देवळापासून रेघ ओढ्यापर्यंत आली. ओढ्याच्या पलीकडं आमची खोपटी दिसत होती. आणि तिथं रेघ डावीकडं वळली.

दुर्गी भाकरी घेऊन आली होती. तिनं टोपली खाली ठेवली आणि रेघेकडं बघत उभी राहिली.

"आत्या, ही तर तात्यांच्या गोठ्याकडं चाललीय."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी समितीची बाई.

मी हसले. पहार घेतली, ओढ्यात उतरले आणि कातळावर एक घाव घातला. ठण्ण करून पहार उलटी आली. हात खांद्यापर्यंत झिणझिणला.

"ऐकलंत का कसा बोलतोय?" मी म्हणाले. "काळा पत्थर आहे. सुरुंगाशिवाय हलायचा नाही. ही रेघ आखणारा साहेब शहाणा आहे. मुरमातनं वळसा घेतलाय त्यानं. तात्यांच्या बांधावरनं फिरून खालच्या अंगानं वस्तीत येणार."

म्हातारा हणमंता दगडातला सगळ्यात जाणता. त्यानं कातळाला कान लावल्यासारखं केलं आणि मान हलवली. "बराबर हाय. मी असतो तर मीबी असाच वळसा घेतला असता."

झालं. दगडाचं बोलणं आम्हाला कळतं हा आमचा ताठा. दुसरा कुणी सांगता तर विचार केला असता. पण कातळानं सांगितलं म्हटल्यावर कोण विचारतो?

"पण आत्या," दुर्गी पुटपुटली, "खालच्या अंगाला उतार उलटा आहे."

"तुला खडकातलं काय कळतं? भाकरी वाढ."

चार दिवस आम्ही त्या रेघेवर खोदलं. मीही घमेली वाहिली, वय असून. दिवसातनं दहादा मी चराच्या टोकाशी जाऊन पुढं बघायची, रेघ आता तरी खाली वळतेय का. ती वळत नव्हती. मी स्वतःला म्हणायची, पुढच्या बांधाला वळेल. बांध आला, गेला. मी पुढचा बांध धरायची. रात्री पडले की डोळ्यांपुढं पांढरी रेघच यायची.

पाचव्या दिवशी सकाळी रेघ संपली. तात्यांच्या गोठ्यापुढं, गुरांच्या हौदाला लागून, चुन्यानं एक चौकोन काढला होता. आमच्या खोपटाएवढा मोठा.

नागाप्पानं टिकाव खाली टाकला. "आई, आता पुढं?"

मिस्त्री बिडी ओढत होता. "पुढं काय? संपलं. हे चौथं कोंडाळं."

"आणि वस्ती?" मी विचारलं.

"वस्तीला नको म्हणून तुमचीच सही आहे की मावशी. मला काय इचारता?"

आमच्या माणसांच्या हातातली हत्यारं तशीच थांबली. हणमंतानं पागोटं काढलं, झटकलं आणि परत बांधलं. मी तिथनं निघाले ते तडक ग्रामपंचायतीकडं. माझ्यामागं दुर्गी चालत होती. तिला चढ सोसत नव्हता आणि मी पाय हळू करत नव्हते.

कचेरीत भाऊसाहेब होते आणि खुर्चीत दौलततात्या. पांढरंशुभ्र धोतर, पायात करकरीत वहाणा.

"माझी सही कशावर आहे ती दाखवा," मी म्हणाले.

भाऊसाहेबांनी निवांतपणे रजिस्टर काढलं आणि पान माझ्यापुढं केलं. ओळी मुंग्यांसारख्या चालल्या होत्या. खाली माझं नाव, फराट्यासकट.

"चष्मा घरी राहिला," मी म्हणाले. "दुर्गे, वाच."

मी जन्मात चष्मा लावला नव्हता. दुर्गीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. वाचायला लागली.

"वडार वस्तीस खाणीचे पाणी मुबलक असल्याने तेथे नळकोंडाळ्याची आवश्यकता नाही. सदर नळकोंडाळे श्री. दौलतराव यांच्या गोठ्यालगत बसविण्यात यावे. सूचक, यल्लव्वा तिमाप्पा धोत्रे. सभेत सर्व महिला सदस्यांनी वाचून पाहिले, कबूल आहे."

वाचताना तिचा आवाज एकदाच अडला. खाणीच्या नावापाशी.

"यल्लू," तात्या म्हणाले, "कुठं बिघडलं? तुमच्या बायकांनी गोठ्यापाशी यावं, भरावं. मी अडवलंय का कुणाला?"

"तुम्ही कशाला अडवाल तात्या? तुमची दोन कुत्री आहेत की त्या कामाला."

तात्यांचं हसू जरा बारीक झालं. "तुझीच सूचना आहे बाई. सही तुझी, अक्षर मोत्यासारखं. गावात तुझ्याएवढी शिकलेली बाई कोण आहे?"

मी बाहेर आले. रस्त्यात दुर्गीला विचारलं, "मुबलक म्हणजे?"

"रगड."

त्यापुढं घर येईपर्यंत मी वाट बघत होते, की ही आता म्हणेल, 'मी त्या दिवशी म्हणाले होते, बघू द्या.' म्हणाली असती तर मी तिला चार शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाले असते. ती म्हणालीच नाही. ओढा ओलांडताना तिनं माझा हात धरला आणि एवढंच म्हणाली, "शुक्रवारी ग्रामसभेला तालुक्याच्या पाणीखात्याच्या मॅडम येणार आहेत."

मी डोकं चालवलं. खोटं बोलायला आमच्याकडं शाळा लागत नाही.

"मी सांगणार," मी चुलीपाशी बसून दुर्गीला म्हणाले, "की कोऱ्या पानावर सही घेतली. ठराव मागनं लिहिला."

"पण लिहिलेलं होतं आत्या. मी लांबनं बघितलं."

"तू काय बघितलं ते तुझ्यापाशी ठेव."

"आणि मॅडम म्हणाल्या वाचून दाखवा, तर? तात्या म्हणतीलच, ही वाचणारी बाई आहे."

त्याला खरं एकच उत्तर होतं, पण ते माझ्या घशाखालनं उतरत नव्हतं. अख्ख्या गावापुढं, माझ्या वस्तीपुढं, माझ्या लेकापुढं म्हणायचं, मला वाचता येत नाही. ज्या बायकांना मी अंगठेबहाद्दर म्हणून हसले त्यांच्यापुढं म्हणायचं.

"पाठ करते," मी म्हणाले. "तू म्हण, मी मागनं म्हणते."

दुर्गीला तो ठराव एका वाचनात पाठ झाला होता. का झाला होता ते मी विचारलं नाही. दोन दिवस ती पीठ चाळता चाळता एकेक ओळ म्हणायची आणि मी मागनं म्हणायची. आवश्यकता या शब्दाला माझी जीभ ठेचकाळायची. पाट्यावर टाकी मारताना मी घावागणिक एक शब्द बसवला. त्या नादात एक चांगला पाटा कोपऱ्यात फुटला. असा पाटा माझ्या हातनं कधी फुटला नव्हता. पण शुक्रवारपर्यंत ठराव पक्का झाला, कुठं श्वास घ्यायचा तेसुद्धा.

ग्रामसभा शाळेच्या पडवीत होती. पुरुष सतरंजीवर, बायका भिंतीला. आमची वस्ती नेहमीसारखी पायरीखाली, उन्हात. मी मात्र समितीची, म्हणून वर. मॅडमचं नाव शेटे. बारीक अंगाच्या, केसात दोन-चार पांढरे, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी खुर्ची सरकवून बायकांच्या बाजूला घेतली तेव्हा भाऊसाहेबांची जरा धावपळ झाली.

चौथ्या नळाचं नाव निघालं आणि मी उठले.

"मॅडम, माझी सही कोऱ्या पानावर घेतली. ठराव मागनं लिहिला."

गलका झाला. भाऊसाहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांच्यावरचा तो आळ खोटा होता, म्हणून अधिकच लाल झाला. तात्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"मॅडम, यल्लूबाई आमच्या गावच्या शिकलेल्या बाई. अख्खी वस्ती त्यांच्याकडनं पत्रं वाचून घेते. विचारा त्यांच्याच माणसांना."

पायरीखाली माना हलल्या. हणमंता म्हणाला, "व्हय, आमची यल्लव्वा वाचती." नागाप्पाची छाती तेवढ्यातही फुगलेली मला दिसली.

"अशी बाई कोऱ्या पानावर सही करेल?" तात्या म्हणाले. "वाचल्याशिवाय करेल?"

मॅडम माझ्याकडं वळल्या. "मावशी, वाचता येतं ना? मग ठराव तुम्हीच वाचा. सगळ्यांना ऐकू दे."

भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडून माझ्या हातात दिलं. मी आधी खाली बघितलं. माझी सही होती, फराट्यासकट. माझा जीव भांड्यात पडला. रजिस्टर छातीपासून हातभर लांब धरलं, चष्मेवाले धरतात तसं, आणि सुरुवात केली.

"वडार वस्तीस खाणीचे पाणी मुबलक असल्याने..."

काय आवाज लागला होता माझा. पार शाळेच्या कुंपणापर्यंत गेला असेल. आवश्यकता ठेच न लागता पार पडली. सूचकापाशी मी आपलं नाव घेतलं आणि मान जरा वर केली. कबूल आहे, म्हणून थांबले.

मॅडम उठून माझ्याजवळ आल्या. पानाकडं बघितलं. मग अगदी हळू म्हणाल्या, पण पडवीत इतकी शांतता होती की पायरीखालीही ऐकू गेलं.

"मावशी, हा ठराव शाळेच्या कुंपणाच्या दुरुस्तीचा आहे."

माझी सही रजिस्टरच्या प्रत्येक पानावर होती. जे पुढं आलं त्यावर मी करत गेले होते. भाऊसाहेबांनी ते पान मुद्दाम उघडलं की चुकून, ते मला आजवर कळलेलं नाही.

आधी तात्यांच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. मग पडवी हसली. बायकासुद्धा, पदर तोंडाला लावून. पायरीखाली मात्र कुणी हसलं नाही. नागाप्पा जमिनीकडं बघत होता. हणमंता माझ्याकडं असा बघत होता की जणू मीच फुटलेला पाटा आहे. भिंतीशी दुर्गी अर्धी उठली होती, एक हात पोटावर.

तिथनं पायरी चार पावलांवर होती. उतरून जाता आलं असतं. माझे पाय तिकडं वळलेही होते. पण माझी नजर दुर्गीच्या त्या हातावर गेली.

"न्हाई येत वाचता," मी म्हणाले.

हसणं थांबलं नाही. मी रजिस्टर मिटलं आणि टेबलावर आपटलं. तेव्हा थांबलं.

"न्हाई येत. नाव तेवढं काढता येतं. पत्रं माझी सून वाचायची, मी नुसतं दारात येऊन बोलायची. आणि मघाशी कोरं पान म्हणाले, तेबी खोटं. पान लिहिलेलं होतं. मला वाचता आलं न्हाई आणि जिला येतं तिला मी वाचू दिलं न्हाई." मी पदरानं तोंड पुसलं. "झालं माझं खोटं सांगून. आता ह्या वहीतलं सांगा. आत्ता सगळ्या गावानं बघितलं मला वाचता येत न्हाई. मग 'वाचून पाहिले' हे कुणाच्या तोंडचं हाय?"

मी मिटलेल्या वहीवर बोट ठेवलं.

"सभेत, असं लिहिलंय. सभा कुठं झाली? मी माझ्या दारात पाट्याला टाकी लावत होते. भाऊसाहेब फटफटीवर होते. ती बंदसुद्धा केली नव्हती त्यांनी."

मॅडमनी भाऊसाहेबांकडं बघितलं. भाऊसाहेबांनी तात्यांकडं बघितलं. तात्या वहाणेचा अंगठा बघत होते.

"समितीतल्या बाकीच्या पाच जणी इथं आहेत ना?" मॅडम म्हणाल्या. "या ठरावाच्या सभेला कोण कोण गेलं होतं?"

बायका एकमेकींना खेटून बसल्या. कुणी नखं बघतंय, कुणी छत. मला वाटलं, संपलं. मग भिंतीच्या कोपऱ्यातनं आवाज आला. कपाळापर्यंत पदर ओढलेली ती तात्यांची थोरली सून होती, विमल. मी तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"मी चुलीपाशी सही केली," ती म्हणाली. "हात कणकेचा होता. पानावर डाग असंल, बगा."

"विमल," तात्या म्हणाले, "घरी जा."

विमल उठली नाही. जागेवर अजून जरा पसरून बसली.

मॅडमनी पानं उलटली. खऱ्या ठरावाचं पान काढलं आणि सगळ्यांपुढं उंच धरलं. सह्यांच्या शेजारी, अंगठ्याएवढा, वाळून पापुद्रा धरलेला कणकेचा डाग होता.

मॅडमनी त्या पानावर लाल शाईनं तिरकी रेघ मारली. म्हणाल्या, "सभा आत्ता घेऊ. इथंच. सहाही महिला सदस्य आहेत, अकरात तेवढं पुरे. वाचता येणं हा नियम नाही, वाचून दाखवणं हा आहे. कोण वाचेल?"

भाऊसाहेब पुढं झाले.

"माझी सून वाचंल," मी म्हणाले.

दुर्गी पुढं आली. नवा ठराव मॅडमनी सांगितला, भाऊसाहेबांनी लिहिला आणि दुर्गीनं वाचला. आधी तिचा आवाज चुलीपाशी असायचा तेवढाच होता. "ऐकू येईना," पायरीखालनं हणमंता म्हणाला. तिनं आवाज चढवला. चौथं नळकोंडाळं वडार वस्तीत. सहा हात वर झाले. विमलचा शेवटी, पण सगळ्यात उंच.

"ठीक आहे," तात्या उठत म्हणाले. "आणि ओढ्यातला तो पत्थर कोण फोडणार? तुम्हीच सांगत होता ना, सुरुंगाशिवाय हलत नाही?"

"आम्हीच फोडणार तात्या," मी म्हणाले. "तुमच्या घरातलं जोतं कुणी घडवलंय? विसरला व्हय?"

अकरा दिवस लागले. तुमचा वळसा कुठं गेला म्हणून हणमंताला सगळी चिडवत होती आणि तो प्रत्येक घावाला मला शिवी देत होता. खालच्या अंगाचा उतार दुर्गीनं सांगितला तसा उलटाच निघाला, ओढ्यातनं सरळ नेलेल्या पाइपाला मात्र तो नीट मिळाला आणि ज्येष्ठाच्या आत नळाला पाणी आलं. श्रावणात दुर्गीला मुलगी झाली. ती आता कॉलेजात जाते आणि माझं वाचताना जोडाक्षर अडलं की आजीचा कान धरते.

पण त्या वर्षी मला जड गेलं. पत्रं घेऊन माणसं माझ्याच दारात यायची आणि माझ्यावरनं आत डोकावून हाक मारायची, "दुर्गे, आहेस का?" दार तेच, पण मी त्यात नुसती बसलेली. मला ते झोंबायचं. खोटं कशाला सांगू?

मग दिवाळीच्या आधी एक दिवस फटफटी आली.

"यल्लूमावशी, सही."

"फटफटी बंद करा."

भाऊसाहेबांनी बंद केली.

"खाली उतरा. बसा."

"मावशी, मला अजून चार घरं..."

"बसा."

ते पाट्यावर बसले, तोच, कोपरा फुटलेला. आतनं दुर्गी आली. खांद्यावर पोरगी, हातात तांब्या. भाऊसाहेबांनी तांब्याकडं बघितलं.

"आत्ताच चहा..."

"चहा कुठं देतोय? पाणी आहे. तुमच्याच नळाचं."

ते प्यायले. आधी एक घोट, मग तहान लागली होती म्हणून सगळा तांब्या. तोंड पुसलं, रजिस्टर उघडलं आणि वाचायला लागले. भरभर, पुजारी मंत्र म्हणतो तसं. मी हातात टाकी घेऊन ऐकत होते. दुर्गी त्यांच्या पाठीमागं उभी होती, पोरीला थोपटत.

"वाचलं," भाऊसाहेब म्हणाले आणि पेन माझ्यापुढं धरलं.

"भाऊसाहेब," दुर्गी म्हणाली, "तिसरी ओळ राहिली."

त्यांनी मागं वळून तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"वाचा की सावकाश," मी म्हणाले. "घसा कोरडा पडला तर दुर्गी आणखी एक तांब्या देईल. आमच्याकडं पाणी मुबलक आहे."